ड्रायव्हिंग स्कूलच्या दाखल्याने चाचणी टळत नाही

‘१ जूनपासून आरटीओतील चाचणी बंद, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला दाखवा आणि लायसन्स घ्या’ हा मजकूर २०२४ च्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरला आणि अजूनही तो थांबलेला नाही. दारव्हा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याला तो नुकताच आला. आरटीओच्या तालुका कॅम्पमध्ये चाचणीची तारीख मिळालेली असताना त्याने सरावच सोडून दिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याच वेळी खुलासा केला होता की १ जून २०२४ पासून कोणताही बदल प्रस्तावित नाही. ज्या नियमांचा दाखला दिला जातो ते केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ३१-बी ते ३१-जे हे नियम १ जुलै २०२१ पासूनच लागू आहेत. यातला अर्धा भाग खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रातून अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास चाचणीतून सूट मिळते. पण असे केंद्र म्हणजे बसस्थानकासमोरच्या गाळ्यात पाटी लावलेले स्कूल नव्हे. अधिस्वीकृत केंद्रात हलक्या वाहनाचाच अभ्यासक्रम २९ तासांचा असतो. केंद्र नमुना ५-बी मध्ये दाखला देते, साधे स्कूल नमुना ५ मध्ये, आणि नमुना ५ असला तरी चाचणी द्यावीच लागते, असे त्याच खुलाशात स्पष्ट म्हटले आहे. दाखला कोणताही असो, परवाना देतो तो परवाना प्राधिकारीच.

त्याच मजकुराला आमच्या भागात कोणीतरी एक शेपूट जोडले आहे: ‘ज्याला ट्रॅक्टर येतो, त्याला कार शिकावी लागत नाही.’ हा सल्ला सर्वांत घातक आहे. जिनिंगच्या फाटकातून कापसाची ट्रॉली मागे घेणारा मुलगा कुशल असतो, यात वाद नाही. मात्र मागे घेताना दोन चाकी ट्रॉली उजवीकडे वळवायची तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावे लागते आणि कार मागे घेताना नेमके उलटे करावे लागते. हाताला लागलेली ही सवय ऐन चाचणीत घात करते. त्याच केंद्रीय नियमांतील नियम १५ मध्ये चाचणीत काय पाहावे याची यादीच आहे: मागचा आरसा नीट करणे, वळण्याचा इशारा देण्यापूर्वी आरशात पाहणे, चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुन्हा उचलणे, अरुंद जागेत ती नियंत्रणात ठेवून मागे घेणे. वावरातून पांदण रस्त्याने घरी येताना यातले काहीच करण्याची वेळ येत नाही.

अशा मजकुरांतले उरलेले दावे थोडक्यात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास पालकांना किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड, हे खरे. पण ती तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतली आहे, नवी नव्हे. आधार क्रमांकावर घरबसल्या मिळतो तो शिकाऊ परवाना, पक्का नव्हे. त्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. एकदा नापास झाला की वर्षभर बंदी, ही तर निव्वळ थाप आहे. ७ दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा प्रशिक्षणही घ्यावे लागते.