नॉमिनी लावला म्हणजे झालं? ‘वीस हंगामांचे धडे’ या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे सोलापुरात एक मेसेज फिरतोय. आमच्या जुन्या कबड्डीवाल्यांच्या ग्रुपवर तो तीनदा आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, परवा मावशीनेही पाठवला. त्यात म्हटलंय की अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट वीस हंगाम एकाच संघाकडून खेळला, तरुणपणीच त्याने ट्रस्टचे (म्हणजे घरच्यांसाठी मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवण्याचे) कागद केले, म्हणून तो अचानक गेल्यावर घरच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. पुढे ‘धडे’ दिलेत. कागद एकदाच करा नि निश्चिंत व्हा. आपल्यासारख्यांना मृत्युपत्र नको, नॉमिनी लावला की पैसा त्याचाच. मृत्युपत्र करायचंच तर साठीनंतर करा. वारसा कर वाचवायला सगळं जिवंतपणीच मुलांच्या नावावर करून टाका. शेवटी, दहा जणांना पाठवा.

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट नाही हे मला ठाऊक आहे. पण यातल्या नॉमिनीच्या वाक्यापायी आमच्याच नात्यात दोन घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी कोबीचं. तो १९९६ ते २०१६ लेकर्स या संघाकडून खेळला, पहिली दहा वर्षं आठ नंबर आणि नंतर चोवीस नंबर पाठीवर घेऊन. ट्रस्ट त्याने २००३ मध्ये केला हेही खरं. पण तो कागद ‘एकदाच’ केलेला नव्हता. घरात मूल आलं की तो त्यात दुरुस्ती करायचा. शेवटची दुरुस्ती २०१७ ची. धाकटी मुलगी जन्मली जून २०१९ मध्ये, आणि २६ जानेवारी २०२० ला हेलिकॉप्टर कोसळलं तेव्हा ती सात महिन्यांची होती. तिचं नाव घालायचं राहून गेलं होतं. ते घालून घ्यायला त्याच्या पत्नीला कोर्टातच अर्ज करावा लागला. म्हणजे मेसेजने ज्याचं उदाहरण दिलं, त्याच्याच घरी कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि तीही एक दुरुस्ती राहिली म्हणून.

त्याच्याकडून शिकायचंच तर आणखी एक गोष्ट आहे. खेळत असतानाच त्याने बॉडीआर्मर या पेयाच्या कंपनीत पैसे घातले होते. त्या कंपनीचा उरलेला ८५ टक्के हिस्सा कोका-कोलाने ५६० कोटी डॉलरला घेतला तो २०२१ मध्ये, तो गेल्यानंतर. आपल्या मागे कुठली मालमत्ता किती वाढेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मृत्युपत्राच्या शेवटी ‘वर न लिहिलेली व पुढे मिळणारी माझी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीस’ असं एक वाक्य लागतं. आपल्याकडच्या घरगुती मृत्युपत्रांत नेमकं तेच राहतं.

आता नॉमिनी. इथे मी जरा थांबणार आहे.

दादा, म्हणजे माझा थोरला आतेभाऊ, बावीस वर्षं कबड्डी खेळला. डावा कोपरा. त्याच्या पकडीतून सुटलेले चढाईपटू आम्ही बोटांवर मोजायचो. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. पहिल्या वर्षीच्या शिलकीतून त्याने बँकेत मुदत ठेव केली आणि नॉमिनीच्या रकान्यात धाकट्या भावाचं नाव लिहिलं. त्या वेळी दुसरं कोण होतं? पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली. ठेव दर वेळी आपोआप पुढे सरकत राहिली, थोडी भर पडत गेली आणि नॉमिनीचं नाव तेच राहिलं. सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने दादा गेला.

तेराव्यानंतर वहिनीने लोखंडी कपाट उघडलं तेव्हा मी तिथे होतो. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात पासबुकं, विम्याचे हप्ते भरल्याच्या पावत्या, स्पर्धांची प्रमाणपत्रं, आणि घडीवर फाटत आलेली ठेवीची पावती. रक्कम सहा लाखांच्या आसपास. बँकेने ती धाकट्याला दिली. बँकेचं काही चुकलं नाही. नॉमिनीला रक्कम दिली की बँक तिच्या जबाबदारीतून मोकळी होते. धाकट्यानेही चोरी केली नाही. अशाच एका मेसेजने त्याला सांगितलं होतं की नॉमिनी म्हणजे मालक, आणि त्याच्या यंत्रमागांवर कर्ज होतं. त्याने कर्ज फेडलं.

कायदा वेगळंच सांगतो, आणि आजचा नव्हे. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं की नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो, ती वारसांची असते. २०१० मध्ये बँकेतल्या ठेवींबाबत हेच सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही तोच निकाल आला, आणि तो खटला होता ‘कालनिर्णय’च्या जयंत साळगावकरांच्या वारसांचा. भिंतीवर ते कॅलेंडर असलेल्या घरांतूनही हा मेसेज पुढे जातोय याचं मला वाईट वाटतं. अपवाद आहे तो आयुर्विम्यात: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तीही सोय पैसे स्वीकारण्यापुरतीच आहे.

दादाचं मृत्युपत्र नव्हतं, म्हणून १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागला: पत्नी, दोन मुलं आणि आई, चौघांना समान. धाकट्याचा हिस्सा शून्य. वकिलांनी हे समजावलं तेव्हा माग विकण्याची भाषा सुरू झाली. आत्या मध्ये पडली. आता तो दर महिन्याला दहा हजार वहिनीच्या खात्यावर भरतो. पुन्हा बोलणं सुरू झालं ते सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, मुलांना पाळण्यात बसवताना.

साठीनंतर मृत्युपत्र करा, हा सल्ला तर खेळाडूच्या आयुष्याशी मुळीच जुळत नाही. खेळाडू विशीत कमावतो आणि पस्तिशीत थांबतो. अमेरिकन फुटबॉलचा स्टीव्ह मॅकनेअर तेरा हंगाम खेळला आणि २००९ मध्ये छत्तिसाव्या वर्षी मारला गेला. मृत्युपत्र नव्हतं. आई राहत होती ते घर त्याच्याच नावावर होतं. पुढे तिच्याकडे भाडं मागितलं गेलं आणि तिने घर सोडलं, अशा बातम्या आल्या. फुटबॉलपटू मॅराडोना साठाव्या वर्षी गेला, तोही मृत्युपत्राशिवाय.

हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मागे आईला पहिल्या वर्गात, म्हणजे ज्यांना आधी मिळतं त्या वारसांत, वाटा आहे, वडिलांना नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत असे वडील मी पाहिलेत, जे दोन पाळ्या माग चालवून पोराचा खुराक भागवतात. तो पोरगा उद्या कमावता झाला आणि बायको, मुलं वा आई मागे ठेवून गेला, तर कायद्याने या बापाला काहीच मिळत नाही. त्याला द्यायचं असेल तर लिहूनच ठेवावं लागतं. मुस्लिम कुटुंबांत नियम वेगळे आहेत. तिथे इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

वारसा कराचं एका ओळीत: भारतात तो कर १९८५ मध्ये रद्द झाला, जो नाहीच तो वाचवायचा कसा? मुलांच्या नावावर ‘करून टाकण्या’बद्दल मात्र सावध राहा. राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे मोह होतो. पण दिलं की घर त्याचं. सांभाळण्याची अट दस्तात लिहिलेली असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते. अट नसेल तर वाट फार बिकट होते.

मृत्युपत्राला एवढं घाबरायचं कारण नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नवीन केलं की जुनं रद्द होतं, म्हणून तारीख ठळक लिहा.

मेसेजमध्ये सगळीकडे ‘तो’ आहे, ‘ती’ कुठेच नाही. आपल्या माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे २०२२ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. तिच्याकडे बघून किती मुली मैदानावर आल्या आहेत. या कमावत्या मुलींच्या आईवडिलांनी एक कलम वाचावं. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, मूल नसेल आणि नवराही हयात नसेल, तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. दीर, नणंद आधी, तिचे आईवडील नंतर. तिने एका कागदावर लिहून ठेवलं असेल तरच हा क्रम बदलतो.

दादाची मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, पार्कवर खो-खो खेळते. मागच्या आठवड्यात तिने शिष्यवृत्तीसाठी खातं उघडलं. फॉर्म भरताना नॉमिनीच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं. वहिनी म्हणाली, “माझं लिही. आणि फॉर्मचा फोटो काढून फाइलला लाव, लग्नानंतर परत बघायचाय.” साडीची पिशवी गेली, त्या जागी आता निळी फाइल आहे. तिच्या पहिल्याच कप्प्यात वहिनीचं स्वतःचं मृत्युपत्र आहे, रेघांच्या वहीच्या कागदावर, खाली शेजारच्या काकूंची आणि दादाच्या जुन्या कर्णधाराची सही.