उंच माणसाची सायकल: 29 चा आकडा चाकाचा, फ्रेमचा नव्हे

मुंबईच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘उंची सहा फुटांवर? 29 इंची सायकल घ्या, सीट वर केली की झालं.’ हे चूक आहे. 29 हे चाकाचं माप. त्याच चाकावर 17 इंची फ्रेमही मिळते, 21 इंचीही.

आपल्या मापाची फ्रेम ठरवायला अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जाडसर पुस्तक जांघेत घट्ट वर दाबा, वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. 88 सेंमी भरलं तर गुणिले 0.66, म्हणजे रोडबाइकची (बारीक टायर, खाली वळलेलं हँडल) फ्रेम साधारण 58 सेंमी. (हायब्रिडला, म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलला, हे गणित लावू नका, कंपनीचा तक्ता बघा.)

सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते. ती बाहेर दिसली की दांडा वाकू शकतो, नाहीतर फ्रेमच तडकू शकते. शिवाय सीट कितीही चढवा, हँडल जवळचं जवळच राहतं. मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर ते खपून जातं. पेडर रोडच्या चढावर उभं राहून पेडल मारताना गुडघे हँडलला लागू शकतात.