गोव्यात हेरिटेज कन्सल्टंट व्हायचंय? आधी पत्ता बदला

कार्डावर फोंडा, डिचोली नाहीतर पेडणे असं काही असेल तर आजच खोडा. इथल्या माणसाला फी कोण देतो हो, त्याला मीटिंगला बोलावतात, सामोसा देतात आणि "तुमचं मत नोंदवून घेतलंय" म्हणतात. पत्ता दिल्ली-मुंबईचा हवा, पणजीत फक्त "स्टुडिओ", तोही फोंतेन्हासमध्ये, म्हणजे रंगीत पोर्तुगीज घरांच्या जुन्या वाड्यात. भाडं झेपत नसेल तर कुणाच्यातरी पिवळ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढा, बाकी सगळे तेच करतात आणि घरमालक बिचारा आतून ओरडत असतो.

आता काम. जुनी सरकारी इमारत असेल तर ती गळत असणार, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शाकारणी कोणी केलेली नसते. गावचा मेस्त्री वर चढून दहा मिनिटांत सांगेल की कौलं फुटलीत, वासा कुजलाय, मे संपायच्या आत बदला. त्याला लगेच खाली उतरवा! एवढ्यावर प्रश्न सुटला तर तुमचा फेज टू कुठून येणार? तुम्ही लिहायचं, "मान्सूनशी संवाद साधणारं रूफस्केप", सोबत ड्रोनचे फोटो.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींवरचा गिलावा मात्र आवर्जून काढायला लावा, एक्स्पोज्ड लॅटराइट फार चालतं. चिरा पाणी पितो हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण पोराला कोण विचारतंय. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्चच बघा ना, १६०५ सालचं, बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून चिरा पावसात झिजतोय आणि पर्यटकांना वाटतं की ते आधीपासून असंच लालबुंद होतं. क्लायंटला हाच लूक दाखवा, हेरिटेज म्हणतो ते हेच म्हणून.

पहिल्या तीन स्लाइडमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कुरियांचं नाव यायलाच हवं. पणजीत कांपालला असलेली कला अकादमी त्यांनीच उभी केलेली, मांडवीच्या काठावर, कुणीही सहज आत शिरावं अशी मोकळी, तिचे संध्याकाळचे फोटो टाका. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्याच खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं ते टाकू नका. कोणी विचारलंच तर "ते आमच्या स्कोपमध्ये नव्हतं" म्हणा. हे वाक्य पाठच करा, पुढे पेन्शनीपर्यंत पुरेल.

म्युझियम मिळालं तर टचस्क्रीन, व्हीआर, अंधारी खोली वगैरे. दशावतार पेडण्याच्या जत्रेत रात्रभर फुकट बघायला मिळतो, तो तुम्ही हेडफोन लावून चार मिनिटांत दाखवायचा, तिकीट लावून.

लोकांची मतं घ्यावी लागतातच, टेंडरमध्ये लिहिलेलं असतं. ती बुधवारी सकाळी अकराला हॉटेलात, इंग्रजीतून घ्या. रविवारच्या ग्रामसभेला चुकूनही जाऊ नका, तिथे पहिलाच माणूस माइक हिसकावून विचारतो की पार्किंग कुठे, पाणी कुठून, सांडपाणी कुणाच्या शेतात, आणि या तिन्हींवर तुमच्याकडे स्लाइड नसते.

रिपोर्ट जाडजूड करा, शेवटी "सविस्तर अभ्यासाची आवश्यकता" एवढंच. तो अभ्यास कोणी करायचा ते क्लायंटला कळतं. फक्त सादरीकरण एप्रिलमध्ये उरका बुवा, जूनमध्ये त्यांच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या जागी बादली असते.