हरयाणातलं जंगल निकोबारला कसं पोचणार?

अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर होऊ घातलेल्या बंदराचा विषय निघाला की वाद एकाच वळणावर येऊन अडतो. एक बाजू तोडल्या जाणाऱ्या झाडांचा आकडा सांगते (सरकारने संसदेत दिलेला आकडा ९.६४ लाखांचा आहे), तर दुसरी बाजू म्हणते, त्याची भरपाई हरयाणात झाडं लावून करू. मोजतात दोघंही झाडंच. मॉरिशसमध्ये राहून हा वाद वाचताना वाटतं की मोजायची गोष्टच निसटली आहे. बेट केवढं आहे, इतर जमिनीपासून किती लांब आहे आणि बाहेरून तिथे कोण येऊन पोचतं, यावर तिथे किती जीव टिकणार हे ठरतं.

हा हिशेब रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. बेटावर नव्या प्रजाती येत राहतात, जुन्या संपत राहतात. लांबच्या बेटावर येणारे कमी. लहान बेटावर प्रत्येकाची संख्या मुळातच थोडी, म्हणून संपणारे जास्त. येणं आणि संपणं जिथे सारखं होतं, तिथे बेटावरच्या प्रजातींचा आकडा स्थिरावतो. ढोबळमानाने क्षेत्रफळ दहापट झालं तर प्रजाती जवळपास दुप्पट होतात. उलट नव्वद टक्के अधिवास गेला तर निम्म्याच्या आसपास प्रजाती जातात. त्याही लगेच जात नाहीत, काही पिढ्या रेंगाळतात. पनामा कालव्यासाठी पाणी अडवलं तेव्हा एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो. तिथलं जंगल शंभर वर्षं शास्त्रज्ञांनी जपलं, तरी पन्नासहून अधिक जातींचे पक्षी तिथून नाहीसे झाले.

मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वर आलं, मादागास्करपासून जवळपास ९०० किलोमीटरवर. एवढा समुद्र ओलांडून वटवाघळांखेरीज एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी स्वतःहून इथे आला नाही. म्हणून तर कबुतराच्या कुळातल्या एका पक्ष्याचा न उडणारा डोडो झाला, आणि पाला खाऊन बिया पसरवण्याचं काम राक्षसी कासवांनी उचललं. १५९८ मध्ये डच उतरले. जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं, हरणं आली, आणि शतक संपेपर्यंत डोडो संपला. आज बऱ्या अवस्थेतलं मूळ जंगल दोन टक्केसुद्धा नाही. भारतातून आलेले पाहुणेही थोडेथोडके नाहीत: साळुंकी, शिपाई बुलबुल, पोपट, मुंगूस, चिचुंद्री.

हे निस्तरायला काय लागतं ते इल ओ एग्रेतवर बघावं. माहेबुर्गच्या उपसागरातलं हे जेमतेम २६ हेक्टरचं प्रवाळाचं बेट. अशा बेटावरचे उंदीर संपवायचे तर आधी पूर्ण बेटावर चौकटी आखून साधारण २५-२५ मीटरवर विषारी आमिषाची खोकी ठेवतात. दोन खोक्यांमधलं अंतर उंदराच्या मादीच्या वावरापेक्षा कमीच हवं, कारण एक गाभण मादी वाचली की सगळी मेहनत पाण्यात. विष रक्त गोठू न देणारं आणि सावकाश चालणारं निवडतात. खाल्ल्याबरोबर त्रास झाला तर उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. आमिष खाल्लं जायचं थांबलं तरी खोकी भरलेलीच ठेवावी लागतात. उंदीर अखेर गेले, पण चिचुंद्री काही गेली नाही. ती किडे खाणारी, धान्याच्या आमिषाचा तिला सोस नाही, म्हणून पिंजरे लावले. जवळच्याच इल द ला पास या छोट्या बेटावर ते साधलं, इथे मात्र फसलं. २६ हेक्टरांत!

मुख्य बेटावरचा त्रास चिनी पेरूचा. मूळ ब्राझीलचा, लाल फळांचा. मोसमात लोक टोपल्या घेऊन तोडायला जातात आणि मीठ-मिरची लावून खातात. त्यामुळे त्याला शत्रू म्हणणं इथल्या माणसालाही जड जातं. पण त्याची झुडपं इतकी दाट माजतात की खाली एबनीसारख्या मूळ झाडांची रोपं उजेडाअभावी मरतात. डुकरं आणि माकडं त्याच्या बिया रानभर पसरवतात. म्हणून आधी कुंपण घालून डुकरं, हरणं बाहेर ठेवायची, मग लहान रोपं मुळासकट उपटायची, मोठी कापून बुंध्याला तणनाशक लावायचं. एकदम सगळं साफ केलं तर ऊन थेट जमिनीवर येतं आणि दुसरंच तण उसळतं. जमिनीतल्या बिया रुजतच राहतात, म्हणून त्याच तुकड्यात पुन्हापुन्हा यावं लागतं. माकडांना तर कुंपणही अडवत नाही.

मॉरिशस केस्ट्रल हा छोटा शिकारी पक्षी १९७४ मध्ये मोजून चार उरल्याची नोंद होती. घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते; पिल्लांना हाताने भरवायचं, लाकडी घरटी टांगायची, सोडल्यावरही खाद्य पुरवायचं. त्यातून संख्या शेकड्यांत गेली. पण २०१४ मध्ये त्याला पुन्हा धोक्याच्या यादीत वरच्या पायरीवर घ्यावं लागलं, कारण पक्षी वाढवता आले तरी त्यांना राहायला जंगल वाढलं नाही. आणि ज्या देशाने हे केलं, त्याच देशाने लिची-आंब्याच्या बागायतदारांसाठी २०१५ आणि २०१६ मध्ये बिया पसरवणारी वटवाघळं हजारोंनी मारली. इथलं सगळं छान आणि आपलं वाईट, असं म्हणायला जागाच नाही.

आता निकोबार. बेट सुमारे ९१० चौरस किलोमीटरचं, प्रकल्पासाठी वळवायचं जंगल १३० चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. क्षेत्रफळाचा वरचा नियम कोरडेपणाने लावला तर प्रजातींचं नुकसान चारेक टक्केच निघतं, आणि प्रकल्पाची बाजू घेणारा कुणी उद्या हा आकडा पुढे करेलही. पण नियम धरून चालतो की गेलेला तुकडा बाकीच्यासारखाच आहे. बंदर जिथे व्हायचं तो गलाथिया उपसागर तसा नाही. चामडी पाठीचं प्रचंड समुद्री कासव तिथल्या वाळूत अंडी घालतं. निकोबारी मेगापोड हा पक्षी किनाऱ्यालगतच्या रानात वाळू-पाल्याचा ढीग रचतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर अंडी उबवतो. २००४ च्या त्सुनामीने किनारा खचला, तेव्हा या पक्ष्याला मोठा फटका बसला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या अभयारण्याचा दर्जाच काढून टाकला. शिवाय हे बेट सुमात्रापासून दोनशे किलोमीटरच्या आत आणि चेन्नईपासून दीड हजाराच्या वर. तिथली लांब शेपटीची माकडं, तिथला वृक्षचिचुंद्रा, सगळं गोत आग्नेय आशियातलं. हरयाणात लावलेलं एकही रोप यातल्या एकाही जिवाला जागा देत नाही.

बंदराने आणखी एक गोष्ट होते, तिची चर्चा आपल्याकडे जवळपास नाहीच. बंदर बेटाचं अंतर संपवतं. कंटेनरमधून उंदीर, मुंग्या, गोगलगायी, तणाच्या बिया येतात. अंदमानात इंग्रजांनी चितळ नेऊन सोडलं. तिथे वाघ-बिबट्या नाही, म्हणून ते फोफावलं आणि जंगलातली कोवळी रोपं खात सुटलं. मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंडवर उंदीर कधीच पोचला नाही. तरी माणसाने सोडलेल्या बकऱ्यांनी आणि सशांनी माती उघडी पाडली, आणि बिळात राहणारा एक बोआ साप १९७५ नंतर दिसलाच नाही. ससे १९८६ मध्ये हटवले. आज तिथे जाणाऱ्याचं सामान बंद डब्यांतून नेतात, बंद खोलीत उघडतात, कपड्यांच्या शिवणीतल्या आणि बुटांतल्या बियासुद्धा टिपतात. हे २१९ हेक्टरच्या बेटासाठी. जिथे वर्षाला लाखो कंटेनर उतरवायचा बेत आहे, तिथे अशी खोली किती मोठी लागेल, आणि ती कोण चालवणार?

महाराष्ट्रातला वाचक म्हणेल, निकोबार लांब आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान तर जवळ आहे! सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं ते बेटच, फक्त भोवती समुद्राऐवजी इमारती. उद्यानाखालून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली बोगद्यावर सगळा राग निघतो. पण बोगदा खरोखर खोलातून गेला, तोंडाशी आणि हवा खेळवायच्या जागांसाठी रान खाल्लं गेलं नाही, तर त्याने उद्यानाचे दोन तुकडे होत नाहीत. त्याहून जास्त काळजी उत्तरेची. घोडबंदर रस्ता आणि वसईची खाडी, त्यापलीकडे तुंगारेश्वरचं सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. हा दुवा तुटला तर बिबट्याला दोन छोटी बेटं उरतात. जुळलेला राहिला तर एक मोठं. तिथे रस्त्याखालून भुयारी वाट करायची तर दोन्ही तोंडांना झाडी हवी, आत दिवे नकोत, पाणी साचायला नको, आणि जनावर वाटेकडे वळेल असं कुंपण दोन्ही बाजूंना लांबवर हवं. नाहीतर वाट रिकामी राहते आणि बिबट्या गाडीखाली येतो. वाटेच्या तोंडाशी उद्या एखादा गृहप्रकल्प उभा राहिला तर सगळा खर्च वाया. म्हणून दोन्ही बाजूंची जमीन रस्त्याच्या आराखड्यातच राखीव दाखवायला हवी, आणि सुनावणीत पहिला प्रश्न याच जमिनीचा विचारायला हवा.