पुस्तक न उघडता बाँडतज्ज्ञ कसं व्हावं

गेल्या रविवारी टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटाजवळच्या एका हॉटेलात आमची नेहमीची बैठक बसली. माणसं सहा, चहा तीन बाय-टू, विषय जेम्स बाँड. पडद्यावरचा नव्हे हं, पुस्तकांतला. बाहेर जुलैचा पाऊस असा लागलेला की गेट पडलंय की उघडलंय तेही दिसेना. हॉटेलवाल्यानं दोनदा येऊन कोरडंच टेबल पुसलं, म्हणजे आता उठा. आम्ही अडीच तास हललो नाही. घरी पोचेपर्यंत मी बाहेरून भिजलो होतो आणि आतून तापलो होतो. वाटेतच ठरवलं, हे ज्ञान एकट्यापाशी ठेवणं बरं नव्हे.

तर, तुम्हालाही बाँडतज्ज्ञ व्हायचंय? बेळगावात, खानापुरात, निपाणीत, कुठंही राहून होता येतं. पुस्तकं वाचायची तर अजिबात गरज नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी पंधरा वर्षं वाचली असती.

पहिली पायरी म्हणजे गाईड. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, आपण काय केलं होतं आठवा. धडा कुणी वाचला होता? गाईडातली उत्तरं घोकली, फर्स्ट क्लास आला, आईनं कुंदा वाटला. इथंही अगदी तसंच. किंग्जली एमिसचं 'द जेम्स बाँड डॉसिए' १९६५ चं, रेमंड बेन्सनचं 'द जेम्स बाँड बेडसाइड कम्पॅनियन' १९८४ चं, आणि जॉन ग्रिसवोल्डचा टिपांचा आणि तारीखवारांचा ठोकळा २००६ चा. यातलं एक जरी काखेत असलं तरी भागतं. बाँड न्याहरीला काय खातो, सिगारेट कुठली ओढतो, कुठल्या कथेत कुठल्या महिन्यात कुठं होता, सगळं तयार. एकच गोष्ट त्यात मिळत नाही, ती म्हणजे रात्री दीड वाजता 'आता याचं काय होणार' म्हणून पान उलटताना होणारी धाकधूक. पण तज्ज्ञाला ती लागतच नाही.

गाईड विकत मात्र घेऊ नका. माझं न्या. निपाणीच्या मामांनी नेलं होतं, 'दोन दिवसांत देतो' म्हणून. गणपती होऊन गेले, दिवाळी होऊन गेली, पुन्हा गणपती यायला आले. मधे एकदा बैठकीत त्यांच्या पिशवीतून डोकावताना दिसलं. निळ्या बॉलपेनानं समासात 'चूक!', 'पहा!!', 'हे मी आधीच म्हटलं होतं' असं लिहिलेलं. पुस्तक माझं, समासही माझाच. असो.

बाँडच्या आवडीची दारू, मार्टिनी, ढवळलेली की हलवलेली, यावर ठाम मत ठेवा. समोर अर्धा चहा असला तरी चालेल.

मग येतो उताऱ्याचा प्रश्न. बाँडचे मूळ लेखक इयन फ्लेमिंग १२ ऑगस्ट १९६४ ला गेले. मागं १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह, त्यातली शेवटची दोन पुस्तकं त्यांच्या पश्चात १९६५ आणि १९६६ ला निघाली. मालक गेला, जमीन राहिली. आता उताऱ्यावर वारस म्हणून कुणाकुणाची नावं चढवायची? एमिसनं १९६८ ला रॉबर्ट मार्कहॅम या नावानं 'कर्नल सन' लिहिली. जॉन गार्डनरनं १९८१ ते १९९६ मध्ये चौदा लिहिल्या, वर दोन सिनेमांच्या कादंबऱ्या केल्या. बेन्सननं १९९७ पासून सहा. मग २००८ ला सबॅस्टियन फॉक्स, २०११ ला जेफ्री डीव्हर, २०१३ ला विल्यम बॉइड, त्यानंतर अँथनी हॉरोविट्झच्या तीन. तिकडं लंडनला फ्लेमिंगच्या वारसांच्या कंपनीनं या सगळ्यांना रीतसर परवानगी दिलेली आहे. कागद चोख आहे. पण टिळकवाडीच्या हॉटेलात तो चालत नाही. इथं उद्यमबागवाले (फाउंड्री आहे, आवाजाला सवय आहे) टेबलावर मूठ आपटून सांगतात, "फ्लेमिंग सोडून एकाचंबी नाव लागत नाही गा!" आणि बँकवाले शांतपणे विचारतात, मग 'कर्नल सन'चं काय?

'कर्नल सन' १९६८ ची, सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल १९६७ चा. दोन्ही न वाचता दोन्हींवर तावातावानं बोलणारी माणसं आमच्याकडं तीच ती आहेत.

फ्लेमिंगची पुस्तकं बारा की चौदा, यावर चाळीस मिनिटं सहज निघतात. कथासंग्रह धरले तर चौदा, नाही धरले तर बारा, यात वाद घालण्यासारखं काय आहे असं विचारू नका. मी एकदा विचारलं होतं.

आता मुख्य विषयाकडं या. बाँडचा जन्म. हा आला की इतर सगळं बाजूला सारून खुर्ची पुढं ओढायची. जॉन पिअर्सनच्या १९७३ च्या 'अधिकृत चरित्रा'त बाँडचा जन्म ११ नोव्हेंबर १९२० चा. हा पिअर्सन थोर माणूस. बाँड खरोखरीचा आहे, बर्म्युडाला जाऊन मी त्याला भेटलो, अशा थाटात त्यानं सबंध चरित्र लिहून टाकलं. ठीक. पण बॉइडच्या 'सोलो'त बाँड १९६९ मध्ये पंचेचाळिसावा वाढदिवस करतो, म्हणजे जन्म आला १९२४ ला. चार वर्षांचा फरक! त्यात फ्लेमिंगच्या 'मूनरेकर'मध्ये म्हटलंय की पंचेचाळीस झाल्यावर डबल-ओ, म्हणजे बाँडच्या खास हेरांच्या, विभागात राहता येत नाही. मग गार्डनरचा बाँड १९८१ ला साब नऊशे टर्बो हाकत काय करत होता? साठी उलटलेली असणार त्याची! बँकवाले साठाव्या वर्षी सन्मानानं निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, त्यांना हे सहनच होत नाही. ते खिशातून कागद काढून वजाबाकी करतात. आणि डीव्हरचा बाँड तर थेट अफगाणिस्तानच्या लढाईतून परतलेला, म्हणजे तो मघाच्याचा नातूच म्हणायचा. यावर मामा म्हणतात, पिअर्सन मोजायचाच नाही. उद्यमबागवाले म्हणतात, बॉइड मोजायचा नाही. चंदगडहून येणारे गुरुजी म्हणतात, कॅलेंडरच मोजायचं नाही. पाऊण तास. मी घड्याळ लावून सांगतोय, पाऊण तास! अहो, हा माणूस झालेलाच नाही! लिहिणाऱ्यानं त्याचं नावसुद्धा कॅरिबियन पक्ष्यांच्या एका पुस्तकावरून, पक्षीशास्त्रज्ञाचं, उचललंय. १९३६ चं पुस्तक, चिमण्या-पोपटांचं. ज्याचं नाव उसनं त्याचा जन्मदाखला तुम्हाला कुठून मिळणार? आणि दाखल्यांचं म्हणाल तर माझंच नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि उताऱ्यावर, कन्नडातून परत मराठीत येताना, तिसरंच झालंय. माझ्या आडनावातला 'ळ' तीन खिडक्यांत मिळून हरवला. त्यासाठी माझ्याबरोबर एक तास येऊन उभं राहा म्हटलं तर यातल्या एकालाही वेळ नव्हता. आणि जो जन्मलाच नाही त्याच्या चार वर्षांसाठी पाऊण तास!

जाऊ दे. सल्ला द्यायचा होता.

'द स्पाय हू लव्हड मी' नावाची फ्लेमिंगची कादंबरी १९६२ ची. सिनेमाला त्यांनी फक्त नाव वापरू दिलं, गोष्ट नाही. म्हणून १९७७ ला ख्रिस्तोफर वूडनं सिनेमावरून त्याच नावाची, आधी 'जेम्स बाँड' जोडून, वेगळीच कादंबरी लिहिली. समोरचा यातल्या कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतोय हे चुकूनही विचारू नका. वाद लगेच मिटेल.

वह्या भरत राहा. हे गमतीनं सांगत नाही. एमिसनं आधी डॉसिए लिहिला आणि तीन वर्षांनी त्यालाच कादंबरी लिहायला मिळाली. बेन्सननं आधी कम्पॅनियन लिहिलं आणि तेरा वर्षांनी त्याला मिळाली. गाईडवाल्याचा कादंबरीकार होतो, हा एकदा नव्हे, दोनदा घडलेला इतिहास आहे. निपाणीच्या मामांच्या सात वह्या झाल्यात. तंबाखूच्या वखारीचा हिशेब ज्या लाल पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहायचे, त्याच. लंडनहून फोन येईल तेव्हा ते तयार असावेत म्हणून. आला तर पहिलं मीच त्यांना हार घालीन, मग माझं गाईड मागीन.

मराठीतलं काही काढू नका. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वाचत आपण सगळेच मोठे झालो, पण इंग्रजीच्या टेबलावर त्याचं नाव काढलं की माणसं खाली बघतात.

आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा धडा. नवीन माणूस आला तर काय करायचं.

त्या रविवारी आमच्या शेजारची मुलगी माझ्याबरोबर आली होती. पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडून हॉरोविट्झची 'ट्रिगर मॉर्टिस' घेऊन गेली आणि तीन दिवसांत वाचून परत आली. डोळे हे एवढे. "काका, अजून आहेत का अशी?" मीच म्हटलं, चल, आमच्याकडं एकाहून एक जाणकार बसतात, ते सांगतील कुठलं आधी वाचायचं ते. माझीच हौस.

तर नवीन माणूस आला की त्याला बसायला खुर्ची देऊ नये. आधी विचारावं, "काय वाचुलीस गे?" तिनं उत्साहानं नाव सांगितलं की एकमेकांकडं बघून हसावं. मग म्हणावं, "अगं, ते बाँड नव्हेच." मग परीक्षा घ्यावी. बाँडचं पिस्तूल बदला म्हणून फ्लेमिंगना पत्र कुणी लिहिलं? बेरेटा जाऊन वॉल्थर कुठल्या पुस्तकात आलं? 'गोल्डफिंगर'च्या पुस्तकात अॅस्टन मार्टिन कुठली, सिनेमात कुठली? तिला येत नाही म्हटल्यावर सहा जणांनी एकदम उत्तर द्यावं, म्हणजे तिला एकही ऐकू येणार नाही.

पोरगी चांगली होती. गप्प ऐकून घेतलं तिनं. मग जरा थांबा मिळाल्यावर तिनं विचारलं, "तो बाँडला जिवंत पुरतात ना, पेटीत घालून, ते तुम्हाला कसं वाटलं? मला तर श्वासच घेता येईना वाचताना."

कुणी बोललं नाही.

मामांनी चष्मा पुसला. गुरुजी पावसाकडं बघू लागले. उद्यमबागवाल्यांनी संपलेल्या चहाचा पेला तोंडाला लावला. शेवटी बँकवाले म्हणाले, "त्याचं कसं आहे, ती कादंबरी मुळात मोजायची का, हा पहिला प्रश्न."

वाचलीच नव्हती. पाचांपैकी एकानंही नाही. फ्लेमिंगनी टीव्हीसाठी करून ठेवलेला मोटार शर्यतीचा एक आराखडा त्यात वापरलाय, कथा 'गोल्डफिंगर'नंतर दोन आठवड्यांनी सुरू होते, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. पेटी माहीत नव्हती. मातीचा आवाज माहीत नव्हता. त्या सतरा वर्षांच्या पोरीला माहीत होता.

आता थट्टा पुरे. मंडळी, तुमच्यापैकी निम्मे मला वयानं मोठे आहेत, तरी बोलतो. हे तुम्ही काय चालवलंय? या गावात इंग्रजी कादंबरी हातात घेणारं पोर दिसायला मारामार आहे, मराठी घेणारं त्याहून. एक आलं, स्वतःच्या पायानं आलं, पावसात आलं, तर तुम्ही त्याला दारातच तपासणी नाक्यासारखं उभं केलंत. 'पुढं कुठलं वाचू' एवढाच तिचा प्रश्न होता. 'कसिनो रॉयाल' वाच, १९५३ ची आहे, पहिली आहे, छोटी आहे, एवढं सांगायला किती वेळ लागतो? तुमच्यातल्या एकानं तरी शेवटची कादंबरी पहिल्या पानापासून कधी वाचली ते खरं सांगा. वाचणं सुटलंय तुमचं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून हे सनावळ्यांचं कुंपण घालून बसलाय.

आणि मी काही वेगळा नाही. पिस्तुलाचं पत्र कुणी लिहिलं, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यात आधी मीच ओरडलो. जेफ्री बूथरॉइड, १९५६. तिच्या बाजूच्या खुर्चीत बसून. बरोबर आलं म्हणून हसलोसुद्धा.

सोमवारी तिनं पुस्तक परत आणून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. 'कसिनो रॉयाल' मी काढूनच ठेवली होती. ती म्हणाली, "आत्ता नको काका, परीक्षा आहे."

पीयूसीची परीक्षा मार्चात असते.

येत्या रविवारी मी येत नाही. माझा अर्धा चहा कुणीतरी पिऊन टाका. आणि मामा, गाईड निपाणी-बेळगाव गाडीच्या कंडक्टरजवळ द्या, मी स्टँडवर येऊन घेईन. समासातलं खोडू नका आता, असू दे तसंच.