गांजा नॅचरल आहे म्हणून सेफ? एकेक मुद्दा बघू

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, "गांजा नॅचरल आहे, व्यसन लागत नाही, त्याने कोणी मेलं नाही, दारूपेक्षा बरा, उलट औषधच आहे." परवा हा मला माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने पाठवला, म्हणून लिहितोय.

नॅचरल तर धोतरा पण आहे, त्याच्या बिया खाऊन माणसं दगावतात. हा मुद्दा इथेच संपला.

व्यसन लागत नाही हे चूक. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला लागतं आणि टीनेजमध्ये सुरू केलं तर सहातल्या एकाला. रोज घेणाऱ्याने बंद केलं की झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही.

दारूपेक्षा बरा, हे मात्र बऱ्याच अंशी खरंय, उगाच नाकारणार नाही. 2010 साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी वीस नशांना घातकतेचे शंभरपैकी मार्क दिले, त्यात दारूला 72 आणि गांजाला 20. पण वीस म्हणजे शून्य नाही ना, आणि ते मार्क सगळ्या समाजाचा हिशोब धरून दिलेत, तुमच्या एकट्याच्या डोक्याचा नाही.

कोणी मेलं नाही म्हणतात तेव्हा डोळ्यासमोर ओव्हरडोस असतो. अफू-हेरॉइनसारखा गांजा श्वास बंद पाडत नाही, बरोबर, पण नशेत गाडी चालवली तर? आणि खरी भीती सायकोसिसची आहे, म्हणजे भास होणं, सगळे आपल्या मागे लागलेत असं वाटणं. 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात रोज स्ट्राँग गांजा घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसलं, स्ट्राँग म्हणजे टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, दहा टक्के किंवा जास्त, आणि आता मिळणारा माल बऱ्याचदा त्याच्याही वरचा असतो. वय कमी असेल, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया (असे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असेल तर रिस्क अजून वाढते.

औषधाचं म्हणाल तर लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या घटकाच्या औषधाला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, किमोच्या उलट्यांवरही टीएचसीसारखी औषधं आहेत. पण तिथे डोस मोजलेला असतो, डॉक्टर लक्ष ठेवून असतात आणि सीबीडीने तर नशाच होत नाही, मित्राने दिलेल्या जॉइंटमध्ये काय आणि किती आहे ते मित्रालाही माहीत नसतं.

माझ्या सख्ख्या काकांना स्किझोफ्रेनिया होता. घरात कोणी बोलत नाही त्यावर. भाच्याला फोन करून सगळं सांगितलं, त्याला ते माहीतच नव्हतं.