तारेवरचा क्रोशा

"सुताचा क्रोशा येतो ना? मग तारेचा आलाच!" असं म्हणून तारेत मणी गुंफून हार विणायला शिकवणाऱ्या आमच्या क्लासच्या बाईंनी फी घेतली. त्यांना बहुधा फी मोजण्याचाच सराव जास्त असावा.

सामान आणायला बोहरी आळीत गेले. "अठ्ठावीस गेज देऊ की तीस?" दुकानदाराने विचारलं. जास्त नंबर तो दणकट, या हिशेबाने मी तीस म्हटलं, तर हातात आली पाव मिलिमीटरची तार! या दुनियेत आकडा वाढला की वस्तू बारीक होते. मण्यांचंही तेच, 11 नंबरचा मणी 8 नंबरपेक्षा लहान. हाच नियम ब्लाउजच्या मापाला असता तर किती घरांत शांतता नांदली असती.

तारेच्या क्रोशात मणी आधीच ओवून ठेवायचे, झाडून सगळे. मध्येच आठवला म्हणून एखादा घुसवता येत नाही. नक्षी असेल तर क्रमही उलटा, कारण शेवटी ओवलेला मणी पहिला विणला जातो. हे मनात घोकत ओवत असताना कुकरची शिट्टी झाली आणि अर्धी नक्षी सोफ्याखाली गेली.

मग मणी सुईपाशी सरकवायचा, त्याच्या पलीकडची तार सुईच्या आकड्यात धरायची आणि सुईवरच्या घरातून, म्हणजे फासातून, ओढून घ्यायची. झाली एक साखळी. सूत बिचारं सांभाळून घेतं. तार मात्र जशी वाकवाल तशीच बसते. एक घर इतकं आवळलेलं की सुई शिरेना, शेजारचं इतकं ढगळ की त्यातून मांजर जाईल. उसवायला जावं तर तारेला पीळ पडतो, पीळ सोडवताना ती कडक होते आणि पुन्हा वाकवली की कडकन तुटते.

"अगं, धातू वाकवला की ताठरतोच. सोनार तापवून मऊ करतो," सासूबाई न बघता मुके खांब, म्हणजे क्रोशाचे टाके, घालत म्हणाल्या. टीव्हीपासून पाण्याच्या तांब्यापर्यंत आमच्या घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या क्रोशाच्या रुमालातून सुटलेली नाही. पण माझी तार रंगीत होती. गॅसवर धरली असती तर रंगाचा थरच जळला असता.

म्हणून जरीचा दोरा आणला. त्यात चकचकीत पापुद्रा आतल्या धाग्याभोवती गुंडाळलेला असतो. सुईचा आकडा नेमका त्या पापुद्र्यालाच अडकतो आणि आतला फिका धागा उघडा पडतो. कापलेलं टोक तर बघता बघता विस्कटतं. टोकाला नेलपॉलिश लावायचं हेही सासूबाईंनीच सांगितलं. नेलपॉलिश अर्थात माझं, आणि तेही नवं.

शेवटी एक युक्ती सापडली. तारेच्या आणि जरीच्या अशा चार-पाच सरी एकत्र करून हलका पीळ द्यायचा. मग कुठलं घर ढगळ नि कुठलं आवळलेलं, कुणाच्या बापाला कळत नाही. उलट सगळं मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो हार घालून गेले. नणंदबाईंनी गळ्याजवळ येऊन मणी न्‌ मणी निरखला.

"वहिनी, किती नाजूक गं! पुढच्या वर्षी वाणाला हेच देऊ या. चाळीसेक कर. तुझे काय, टीव्ही बघता बघता होतील!"

मी तिळगूळ तोंडात टाकला, म्हणून गोडच बोलले.